सेवास्तोपोलचा वेढा आणि नानासाहेबांचा वकील

युक्रेनच्या युद्धामुळे सेवास्तोपोल हे नाव गेल्या काही वर्षांत पुन्हा बातम्यांत येऊ लागलं. काळ्या समुद्रावरचं हे क्रिमियातलं बंदर म्हणजे रशियन आरमाराचं जुनं ठाणं. माझ्यासारख्या इतिहासाच्या बाईंना मात्र हे नाव ऐकलं की १८५५ साल आठवतं, आणि त्यापाठोपाठ चक्क आपल्या पेशव्यांचं बिठूर! कसं ते सांगते.

१८५३ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध जुंपलं. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि फ्रान्स तुर्कांच्या बाजूने त्यात पडले. सप्टेंबर १८५४ मध्ये त्यांच्या फौजा क्रिमियात उतरल्या आणि २० तारखेला आल्मा नदीकाठी रशियनांना हरवून सेवास्तोपोलकडे वळल्या. शहराची समुद्राकडची बाजू दगडी किल्ल्यांनी भक्कम होती. जमिनीकडची बाजू जवळजवळ उघडीच! पण लगेच हल्ला न करता दोस्तांनी वेढ्याची तयारी सुरू केली आणि शहराला तीन-चार आठवडे मिळाले.

तेवढ्यात रशियनांनी काय केलं पाहा. आपलीच काही जहाजं बंदराच्या तोंडाशी बुडवून शत्रूच्या आरमाराची वाट अडवली. जहाजांवरच्या तोफा आणि खलाशी जमिनीवर आणले. टोटलेबेन नावाच्या लष्करी इंजिनिअरने मोर्चांची आखणी केली आणि सैनिक, खलाशी, गावातली माणसं, बायकापोरंसुद्धा माती उपसायला लागली. १७ ऑक्टोबरला पहिला मोठा भडिमार झाला. त्याच दिवशी अ‍ॅडमिरल कोर्निलोव्ह मारला गेला. पण दिवसा ढासळलेले मोर्चे रातोरात पुन्हा उभे राहिले, आणि पुढे महिनोन् महिने हेच चाललं.

वर्गात हे सांगितलं की एखादा मुलगा हमखास विचारायचा, "बाई, मग मातीचा किल्ला दगडापेक्षा भारी?" आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर किल्ला म्हणजे सह्याद्रीचा कातळ, त्यामुळे प्रश्न रास्तच. मी सांगत असे, तोफेचा गोळा लागला की दगड फुटतो आणि त्याच्या कपच्या माणसांना लागतात. माती गोळा पोटात घेते. आणि पाटी-फावडं हाती असलेली माणसं शिल्लक असतील, तर ती सकाळपर्यंत पुन्हा रचता येते. माणसं शिल्लक असतील तर... हे महत्त्वाचं.

वेढा घालणाऱ्यांचे हालही कमी नव्हते. १४ नोव्हेंबरच्या वादळात त्यांची जहाजं बुडाली, त्यांत गरम कपडे घेऊन आलेलं एक जहाजही गेलं. त्या हिवाळ्यात इंग्रज सैनिक गोळ्यांपेक्षा रोगराईनेच जास्त मेले. 'टाइम्स'चा बातमीदार रसेल हे सगळं लिहून पाठवत होता. पुढे १८ जून १८५५ रोजी इंग्रज-फ्रेंचांनी मोठा हल्ला केला, तोही सपशेल फसला.

आणि आता बिठूर. दुसरे बाजीराव १८५१ मध्ये वारले. त्यांचं वर्षाला ८ लाख रुपयांचं पेन्शन दत्तक पुत्र नानासाहेबांना द्यायला कंपनीने नकार दिला. दाद मागायला नानासाहेबांनी अजीमुल्लाखानाला लंडनला पाठवलं. तिथे काम झालं नाही. परतताना १८५५ मध्ये हा गृहस्थ वाट वाकडी करून क्रिमियात गेला! इंग्रज-फ्रेंचांना दाद न देणारं शहर त्याला पाहायचं होतं. तिथे तो रसेलला भेटला आणि छावणीजवळून रशियन तोफांचा मारा पाहत उभा राहिला. पुढे १८५७ चा उठाव झाल्यावर रसेलला ही भेट आठवली आणि त्याने ती लिहून ठेवली.

अजीमुल्लाने वेढा पाहिला तो बाहेरून. त्याच वर्षी शहराच्या आत तोफखान्यावर एक तरुण अधिकारी होता, लिओ टॉल्स्टॉय. त्याने तिथल्या इस्पितळांबद्दल लिहिलं. पिरोगोव्ह हा शल्यविशारद जखमींची रांग लावून कोणाला आधी हात घालायचा हे ठरवत होता. जुलैत अ‍ॅडमिरल नाखीमोव्हही गेला. ८ सप्टेंबरला फ्रेंचांनी मालाखोव्ह टेकडी घेतली आणि त्या रात्री रशियन सैन्य तरंगत्या पुलावरून खाडीच्या उत्तर तीराला निघून गेलं. रशियनांच्या हिशेबाने वेढा ३४९ दिवस चालला. त्यांच्याकडचे मेलेले आणि जखमी लाखाच्या घरात होते. माती टिकली, माणसं संपत आली.

इंग्रज हरू शकतात हे अजीमुल्लाने पाहिलं, आणि ते खरंच होतं. पण तशीच कच्ची मातीची भिंत १८५७ मध्ये कानपुरात इंग्रजांनी उभारली. जेमतेम चार फूट उंच, आत बायकामुलं, पाण्याला एक विहीर, तीही तोफेच्या माऱ्यात. बाहेर नानासाहेबांची फौज. तिलाही ती भिंत सुमारे तीन आठवडे ओलांडता आली नाही. शेवटी सुखरूप जाऊ देण्याचं वचन मिळाल्यावर आतले बाहेर आले आणि २७ जूनला सतीचौरा घाटावर त्यांची कत्तल झाली. त्याचा सूड म्हणून इंग्रजांनी केलेला संहारही तितकाच भयानक.

सेवास्तोपोलच्या टेकडीवर उभं राहून तोफांचा धूर दिसत होता. त्या भिंतींमागे माणसं किती मोजून खर्च होत होती, ते मात्र तिथून दिसण्यासारखं नव्हतं. हल्ली टीव्हीवर वेढलेली शहरं पाहते, नकाशावर रंगीत बाण सरकत असतात, तेव्हा मला त्या टेकडीवरचा अजीमुल्ला आठवतो. आपणही सगळे तिथेच उभे आहोत.