कापडाची रक्तवाहिनी : सुई-दोऱ्यापासून वाहत्या रक्तापर्यंत



मारेगावात बोलायला उभं राहायचं आणि कापसाचं नाव काढायचं नाही, हे काही जमायचं नाही. आजचा विषय कृत्रिम रक्तवाहिन्यांचा आहे. तरीही मी सुरुवात कापडापासून करणार आहे, कारण या विषयाचा इतिहासच मुळात सुई, दोरा आणि माग यांच्यापासून सुरू होतो. तुम्ही म्हणाल, डॉक्टरकीत माग कुठून आला? तेच सांगायचं आहे. आणि शेवटी हा इतिहास आपल्याच घरातल्या एखाद्या माणसाच्या मनगटापर्यंत येतो, तेही सांगायचं आहे.

1894 सालचा जून महिना. फ्रान्समधलं लिऑं हे शहर. रेशमी कापडासाठी जगभर नावाजलेलं. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो तिथे आले होते. एका हल्लेखोराने त्यांना सुरा मारला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली आणि काही तासांत कार्नो गेले. शहरात नामांकित सर्जन होते, पण कापलेली रक्तवाहिनी शिवता येते यावर त्या वेळी फारसा कुणाचा विश्वास नव्हता. शिवलीच तर आत गुठळी होणार, नाहीतर टाक्यांतून रक्त गळणार, असाच अनुभव होता.

त्याच शहरात अलेक्सी कारेल नावाचा तरुण वैद्यकीय विद्यार्थी होता. त्याला वाटलं, हे शिवता यायला हवं. मग तो कुणाकडे गेला? भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडे. मादाम लरूदिए त्यांचं नाव. बारीक सुई, बारीक रेशीम, हलका हात, हे सगळं तो त्यांच्याकडून शिकला. 1902 साली त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली. रक्तवाहिनीचं तोंड गोल असतं आणि मऊ असतं, शिवताना ते मिटतं. कारेलने गोलाच्या कडेला तीन ठिकाणी तीन टाके घातले आणि ते ताणून धरले. गोलाचा त्रिकोण झाला. आता तीन सरळ कडा शिवायच्या, एवढंच उरलं. युक्ती बघा, अगदी शिंप्याची आहे. 1912 साली कारेलला नोबेल पारितोषिक मिळालं.

शिवणं तर जमलं. पण तुकडाच खराब झाला असेल, तर मधे जोडायचं काय? सुरुवातीला मृत माणसाच्या रक्तवाहिन्या काढून, जपून ठेवून वापरल्या गेल्या. त्या हव्या तेव्हा, हव्या त्या मापाच्या मिळत नसत. 1947 च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये आर्थर व्हूरहीज हा तरुण डॉक्टर कुत्र्यांवर प्रयोग करत होता. हृदयाच्या आत चुकून राहिलेला रेशमाचा एक धागा त्याला काही महिन्यांनी दिसला. त्या धाग्यावर चकचकीत, गुळगुळीत थर चढला होता. शरीराने धागा जणू आपलासा केला होता. त्याच्या मनात आलं, एक धागा असा झाकला जात असेल, तर अनेक धाग्यांचं कापड का नाही झाकलं जाणार? विनियॉन-एन नावाच्या कृत्रिम धाग्याचं कापड घेऊन त्याने नळ्या शिवल्या आणि 1952 साली त्या प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला.

पुढची गोष्ट अमेरिकेतल्या ह्यूस्टनची. मायकेल डिबेकी हे सर्जन कापडाच्या दुकानात नायलॉन घ्यायला गेले. नायलॉन संपलं होतं. दुकानात नवीन आलेलं डेक्रॉन त्यांनी घेतलं, घरी आणलं आणि शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. शिवणकाम ते लहानपणी आईकडून शिकले होते. डेक्रॉन म्हणजे आपलं पॉलिस्टर. नायलॉनची ताकद शरीरात काही काळाने कमी होते, पॉलिस्टर टिकतं. त्या दिवशी दुकानात नायलॉन नव्हतं, हे बरंच झालं म्हणायचं!

इथे तुमच्यापैकी कुणी विचारेल, मग आपल्या कापसाची नळी का नाही केली? रास्त प्रश्न आहे. सुती दोऱ्याने टाके पूर्वी घातले जात. पण शरीरात सुताची ताकद काही महिन्यांतच उतरते आणि भोवती दाह होतो. शिवण भरून येईपर्यंत ते चालतं. जन्मभर रक्ताचा दाब सोसायचा असेल तर चालत नाही.

पॉलिस्टरच्या नळीचे प्रश्नही कापडाचेच होते. मागावर विणलेलं कापड घट्ट असतं, रक्त गळत नाही, पण ते कडक असतं आणि कापलं की कडेचे धागे सुटतात. बनियनसारखं होजिअरीचं कापड मऊ असतं, शिवायला सोपं, पण छिद्रातून रक्त पाझरतं. मग सर्जन त्याच रुग्णाचं थोडं रक्त घेऊन नळी आधी भिजवायचे, छिद्रात रक्त साकळू द्यायचे आणि मग नळी बसवायचे. पुढे जिलेटिन किंवा कोलॅजनचा लेप दिलेल्या नळ्या आल्या. वाकवल्यावर नळी मुडपू नये म्हणून तिला चुण्या घातल्या गेल्या.

आता मुंबईला येऊ. वऱ्हाडातला कापूस ज्या गिरण्यांत जायचा, त्या गिरणगावातच, परळला, 1926 साली केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचं मोठं काम उभं केलं. 1968 च्या फेब्रुवारीत भारतातलं पहिलं हृदयरोपण त्यांनीच केलं. रुग्ण काही तासच जगला, पण ते नाव लोकांच्या लक्षात राहिलं. त्याआधीचं काम मात्र कमी लोकांना माहीत आहे.

1963 साली सेन, किनरे, इंजिनिअर आणि परुळकर या केईएमच्या डॉक्टरांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये एक लेख लिहिला. त्यात अशा रुग्णांचं वर्णन होतं, ज्यांची महाधमनी छाती-पोटाच्या भागात, मधेच अरुंद झालेली असते. यात तरुण माणसंही असतात. वरच्या अंगात रक्तदाब प्रचंड, पायात नाडी मंद. अशा ठिकाणी रक्त पुढे न्यायचं तर अरुंद भागाला वळसा घालणारी नळी लागते. म्हणजे कापडाच्या रक्तवाहिनीची गरज ही फक्त परदेशातल्या म्हाताऱ्यांची नव्हती, आपल्याकडच्या तरुणांचीही होती.

दोनच वर्षांनी, 1965 साली, सेन, उडवाडिया, किनरे आणि परुळकर यांनी आणखी धाडसी कल्पना मांडली. सापासारख्या प्राण्यांत हृदयाच्या स्नायूला बरंचसं रक्त थेट हृदयाच्या पोकळीतूनच मिळतं. मग माणसाच्या हृदयाची धमनी तुंबली, तर स्नायूला सुईने बारीक छिद्रं पाडून आतलं रक्त थेट स्नायूत का नेऊ नये? त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. छिद्रं कालांतराने बुजतात, हा या मार्गातला मोठा अडसर ठरला. तरी हाच विचार पुढे जगात लेसरच्या रूपाने पुन्हा पुढे आला. मला यातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वाट करून दिली की रक्त वाहीलच असं नाही. वाट उघडी राहणं ही वेगळी गोष्ट आहे.

इथूनच आपला विषय शिंप्याच्या हातून इंजिनिअरच्या हातात जातो.

महाधमनीच्या जागी बसवलेल्या पॉलिस्टरच्या नळ्या वर्षानुवर्षं चालत होत्या. तेच कापड, तोच सर्जन, तेच टाके, पण नळी सहा मिलिमीटरपेक्षा बारीक झाली की ती बंद पडायला लागायची. गुडघ्याखाली, हृदयावर, सगळीकडे हाच अनुभव. म्हणून तर बायपासला आजही रुग्णाच्याच पायातली शीर किंवा छातीतली धमनी वापरतात. असं का व्हावं?

अर्धं उत्तर फार जुनं आहे. प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1840 च्या दशकात बारीक काचेच्या नळ्यांतून पाणी सोडून मापं घेतली. नळीचा व्यास निम्मा केला तर प्रवाह निम्मा होत नाही, चौथाईही होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. शेतातल्या पाइपला हा हिशेब जसाच्या तसा लागू नाही, कारण तिथलं पाणी खळाळतं. पण संथ वाहणाऱ्या बारीक नळीत तो पक्का बसतो. म्हणजे मोठ्या नळीत अर्धा मिलिमीटर थर चढला तर कळतही नाही, बारीक नळीत तोच थर जीवघेणा ठरतो.

राहिलेलं अर्धं उत्तर : थर चढतो कुठे? 1968 साली अमेरिकेत डोनाल्ड फ्राय यांनी दाखवलं की रक्त भिंतीला फार जोरात घासलं तर आतलं नाजूक अस्तर खराब होतं. लोकांना वाटलं, झालं, जोर जास्त तिथे रोग जास्त. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये कॉलिन कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट मांडलं. रोगाचे थर जिथे रक्त मंद घासतं तिथे जमतात, असं त्यांचं म्हणणं होतं. बराच काळ वाद चालला. आज बहुतेक पुरावा कॅरो यांच्या बाजूने आहे. घासणं मंद, किंवा मागे-पुढे हेलकावणारं असेल, तिथे भिंत जाड होते.

आपल्याला हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. ओलिताच्या दांडाकडे बघा. पाणी जिथे जोमाने वाहतं तिथे तळ स्वच्छ असतो. वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे पाणी घुटमळतं, तिथे गाळ बसतो. फरक एवढाच की रक्तवाहिनीचा काठ जिवंत आहे. आतल्या पेशींना रक्ताचं घासणं जाणवतं. ते नीट असेल तर त्या वाहिनी मोकळी ठेवणारी द्रव्यं सोडतात. घुटमळलं की त्याच भिंतीखाली पेशी वाढायला लागतात.

आता कापडी नळी आणि खरी रक्तवाहिनी यांचा सांधा डोळ्यांसमोर आणा. एक कडक, एक लवचीक. प्रत्येक ठोक्याला एक फुगते, दुसरी फुगत नाही. कोन तिरका. तिथे रक्त भोवऱ्यात सापडतं आणि थर बसतो तो नेमका सांध्याजवळ. कारेलने ज्या सांध्याचा प्रश्न सुईने सोडवला होता, तोच सांधा सत्तर वर्षांनी प्रवाहाचा प्रश्न होऊन परत आला. म्हणून आज संशोधक नळीचा कोन, तोंडाचा आकार, भिंतीची लवचीकता संगणकावर तपासतात. आपल्या नैसर्गिक धमन्या हलक्या पिळाच्या असतात, हे पाहून कॅरो यांच्या गटाने 2005 साली किंचित पिळाची नळी डुकरांवर तपासली. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हृदयाच्या झडपेबरोबर पॉलिस्टरच्या रक्तवाहिनीवरही काम झालं.

आता शेवटचं, आणि घरचं. मूत्रपिंडं निकामी झाली की डायलिसिस लागतं. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास, आणि तेवढं रक्त भरभर बाहेर काढायला एक भक्कम वाहिनी हवी. 1960 साली अमेरिकेत स्क्रिबनर यांनी हातावर टेफ्लॉनची नळी बाहेर बसवली. तिथे जंतू शिरत, गुठळ्या होत. 1966 साली ब्रेशिया, चिमिनो, आपेल आणि हरविच यांनी नळीच काढून टाकली. मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकांना शिवून टाकली. धमनीचं जोरकस रक्त शिरेत शिरतं, काही आठवड्यांत शीर फुगते, भिंत जाड होते, सुई टोचण्याजोगी होते. इथे प्रवाहच रक्तवाहिनी घडवतो. यालाच आपण फिस्टुला म्हणतो. ज्यांच्या शिरा चांगल्या नसतात, त्यांना कृत्रिम नळी बसवतात, आणि ती बहुतेकदा शिरेकडच्या सांध्यापाशी अरुंद होते. का, ते आता तुम्हीच सांगाल.

माझ्या नात्यातल्या एका गृहस्थांच्या हातात असा फिस्टुला होता. बोट ठेवलं की थरथर जाणवायची, मांजराच्या घुरघुरीसारखी. एका शनिवारी ती जाणवेना. ते म्हणाले, सोमवारी डायलिसिसला जायचंच आहे, तेव्हा सांगू. सोमवारपर्यंत गुठळी घट्ट झाली होती. फिस्टुला गेला. मानेत तात्पुरती नळी घालावी लागली, आणि नव्याने सगळं सुरू झालं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ती थरथर म्हणजे वाहतं रक्त आहे आणि ती थांबणं म्हणजे त्याच दिवशी गाडी काढायची वेळ आहे.

मारेगावहून वणी, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर, कुठेही जायचं म्हटलं तरी वाट आहेच. म्हणून एवढं लक्षात ठेवा. ज्याच्या हातात फिस्टुला किंवा नळी आहे, त्याने रोज सकाळ-संध्याकाळ बोट ठेवून थरथर बघायची. त्या हाताचा रक्तदाब घेऊ द्यायचा नाही, एरवीच्या तपासणीसाठी त्यात सुई टोचू द्यायची नाही. घट्ट बांगड्या, घड्याळ नको. तो हात उशाखाली घेऊन झोपायचं नाही. थरथर थांबली, हात सुजला, लाल झाला, तर सोमवारची वाट बघायची नाही.

लिऑंच्या भरतकाम करणाऱ्या बाईंपासून संगणकापर्यंत सव्वाशे वर्षांत माणसाने एवढं शिकलं की रक्तवाहिनी जगते ती वाहण्यावर. ते वाहणं तपासायला मोठं यंत्र लागत नाही. घरातलं कुणाचंही एक बोट पुरतं.