3 तास 20 मिनिटं सूतकताई: वर्ध्याचं जुनं टाइमटेबल

अकरावीतल्या मुलांचा एक प्रश्न सारखा येतो. ‘चांगल्या कॉलेजसाठी अभ्यासाशिवाय काय करू? एनसीसी, चित्रकला, की कुठल्या संस्थेत काम?’ प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे दहावीच्या निकालात इंटरमिजिएटच्या अ श्रेणीचे 7 गुण मिळतात, ब चे 5, क चे 3. परदेशातली विद्यापीठं तर शाळेबाहेर काय केलंस हे सरळ अर्जातच विचारतात. पण ‘अभ्यासाबाहेरचं’ म्हणजे नेमकं कशाच्या बाहेरचं? हा वाद आपल्या वर्ध्यात फार आधी झालाय.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937. वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, अध्यक्ष गांधीजी. त्याच वर्षी अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली होती, म्हणजे शाळा आता आपल्या हातात होत्या. गांधीजींचं म्हणणं असं, की मुलाला हाताचं काम द्या आणि त्या कामातूनच गणित, विज्ञान, भाषा शिकवा. अभ्यासक्रम ठरवायला डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली. हेच पुढे 1967 मध्ये राष्ट्रपती झाले.

समितीनं सुचवलेलं दिवसाचं वेळापत्रक ऐका. शाळा साडेपाच तास. त्यात मूलोद्योगाला, म्हणजे सूतकताई, शेती असल्या कामाला, 3 तास 20 मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून 40 मिनिटं. मातृभाषा 40. समाजशास्त्र आणि विज्ञान 30. कवायत 10, सुट्टी 10. आपण ज्याला एक्स्ट्रा म्हणतो, तेच इथं मुख्य होतं! टकळीवर सूत काढायचं, मग ते किती निघालं, कापूस किती लागला, किती वाया गेला याचा हिशेब करायचा. गणित तिथंच. आणि कापूस कुठल्या जमिनीत येतो, हे वर्ध्याच्या पोराला वेगळं सांगावं लागतंय थोडंच?

1938 मध्ये हरिपुरा काँग्रेसनं ही योजना उचलून धरली. सेवाग्रामला हिंदुस्तानी तालिमी संघाचं काम आर्यनायकम आणि आशादेवी या जोडप्यानं उभं केलं. दोघंही शांतिनिकेतनात काम करून आलेले.

टीकाही झाली, आणि ती खोटी नव्हती. मुलांनी बनवलेला माल विकून शिक्षकांचा पगार निघावा, ही गांधीजींची अपेक्षा होती. ‘मग ही शाळा की कारखाना?’ असं लोक विचारत. गंमत म्हणजे झाकिर हुसेन समितीनं स्वतःच्या अहवालातच हा धोका लिहून ठेवला: शिक्षकाचं लक्ष कमाईवर गेलं, तर तो मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेईल आणि त्या कामातलं शिकणं राहून जाईल. मला हे वाक्य आजच्या सर्टिफिकेटांना चपखल बसतं असं वाटतं. तेव्हा सुताचं वजन मोजायचा मोह होता, आता फायलीची जाडी मोजतात.

वर्ध्यात याचा पुढचा प्रयोगही झाला, तोही थेट कॉलेज प्रवेशात. गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. इथल्या प्रवेश परीक्षेत विज्ञानासोबत गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. डॉक्टर व्हायचंय, मग खेड्याबद्दल, श्रमाबद्दल काय वाचलंस ते सांग. हेतू छान. पण पेपर म्हटला की पाठांतर आलंच, नाही का? साफसफाईवर उत्तर लिहायला झाडू हातात धरावा लागत नाही.

नीट आली आणि तो पेपर गेला. आता प्रवेश नीटच्या गुणांवर. पण प्रवेश मिळाल्यावर नवी बॅच आश्रमात शिबिराला राहते. तिथं प्रार्थना, श्रमदान, सूतकताई. प्रत्येक बॅच एक गावही दत्तक घेते, तिथल्या घराघरांत जाऊन आरोग्याची माहिती गोळा करते. सीट आधीच मिळालेली असते, त्यामुळे या झाडण्या-कातण्यानं प्रवेशात एका गुणाचाही फरक पडत नाही.

आणि हो, गावातल्या जुन्या जिल्हा परिषद शाळेची पाटी एकदा नीट वाचा. ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ असं काही दिसलं, तर फोटो पाठवा. ते नाव याच योजनेतून आलंय.