१९१९ चा हिवाळा

कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंडही ठरला. तरी अस्पृश्य मुलांच्या शाळा वेगळ्याच राहिल्या. ३० सप्टेंबर १९१९ च्या हुकुमाने शाहू छत्रपतींनी त्या शाळा दसऱ्यापासून बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घेण्यास फर्मावले. त्यामुळे दसऱ्यानंतरच्या त्या हिवाळ्याला वेगळे महत्त्व येते. एका सुरात पाढे म्हणणे, पाटीवर अक्षर गिरवणे, सकाळच्या कोवळ्या उन्हाकडे सरकून बसणे या वर्गातल्या नित्याच्या गोष्टी. पण आता त्यांतच शिवाशिवीचा प्रश्न दडलेला होता. हुकुमाने शाळेचे दार उघडले, तरी शेजारच्याला जागा करून देणे वर्गातच शिकावे लागते. शिक्षणाच्या इतिहासाने पटसंख्येबरोबर ही बसण्याची जागाही पाहिली पाहिजे.