दिनविशेष : ज्यू जनजीवनाचे संग्रहालय

दीपनगर, १५ मे : इ. स. १९७८ साली आजच्याच तारखेस तेल अविव विद्यापीठाच्या आवारात, जगभर विखुरलेल्या ज्यू समाजांच्या जीवनाचे दर्शन घडविणारे ‘बेत हतफुत्सोत’ हे संग्रहालय खुले झाले. प्राचीन मूळ वस्तूंचा संचय करण्याऐवजी प्रतिकृती, चित्रे व चित्रफिती यांच्या द्वारे कुटुंब, सण आणि उपासना यांची ओळख करून देण्याची जी रीत तेथे हेतुपुरस्सर अंगीकारली गेली, ती आम्हां महाराष्ट्रीयांस सर्वथा अनुकरणीय वाटते. कारण असा एक ज्यू समाज आपल्याकडेही आहे : कोकणात तेलाचा घाणा चालवून शनिवारी तो बंद ठेवणारे, आणि म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले गेलेले बेने इस्रायल लोक मराठीच बोलत. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिद्याचा नैवेद्य करीत. बायबलातील आख्यानांवर कीर्तने रचीत. आणि १८७४ साली पुण्यास त्यांनी वल्हांडण (पासओव्हर) सणाची हिब्रू-मराठी सचित्र पोथीही छापली. त्यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलात स्थायिक झाल्याने येथील सिनेगॉग, दफनभूमी व दप्तरे सांभाळण्याचा भार थोड्याच लोकांवर पडला आहे. ज्यांच्या संग्रही या समाजाची जुनी मराठी पुस्तके, छायाचित्रे अथवा कागदपत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता एखाद्या ग्रंथालयाच्या हवाली करावीत.