परत न येणारी झडप

सदोष वस्तू ‘परत मागविणे’ या शब्दप्रयोगात ती वस्तू परत येऊ शकते, हे गृहीत धरलेले असते. शरीरात बसविलेल्या उपकरणांच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. ब्यॉर्क-शायली कृत्रिम हृदयझडपेचा इतिहास हे याचे ठळक उदाहरण होय.

स्वीडिश शल्यविशारद विकिंग ब्यॉर्क व अमेरिकन अभियंता डोनाल्ड शायली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या झडपेचा सुधारित प्रकार अमेरिकेत १९७९ साली विक्रीस मान्य झाला. तिची तबकडी धातूच्या दोन कमानींमध्ये धरलेली असे. पैकी एक कमान कड्याला वेल्डिंगने जोडलेली होती. ती तुटली की तबकडी निसटे व रुग्णाचे प्राण संकटात येत. १९८६ साली विक्री थांबली, तोवर जगभर सुमारे ८६,००० झडपा बसविल्या गेल्या होत्या.

न वापरलेल्या झडपा परत घेता आल्या. हृदयांतील झडपा मात्र जागीच राहिल्या. पुन्हा शस्त्रक्रिया करण्यातला धोका अनेक रुग्णांच्या बाबतीत कमान तुटण्याच्या धोक्याहून अधिक होता. शिवाय कोणती झडप कोणाच्या शरीरात आहे, याची पूर्ण नोंद नव्हती. १९९० च्या अमेरिकन कायद्याने अशा उपकरणांचा माग ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. अशा प्रसंगी परत मागविणे म्हणजे प्रथम रुग्णाचा ठावठिकाणा लागणे होय.