सुटकेसमधला लाल केसांचा माणूस

आजचा भाग लिहिणाऱ्यांसाठी आहे. त्यातही ज्यांना आपलं लिखाण ‘जरा विचित्रच झालंय’ असं वाटून ते डिलीट करावंसं वाटतं, त्यांच्यासाठी.

सुरुवात एका रशियन गोष्टीपासून करू. जेमतेम एक परिच्छेदाची आहे. लेखक आपली ओळख एका लाल केसांच्या माणसाशी करून देतो आणि मग त्याचा एकेक अवयव काढून घेत जातो. केससुद्धा ठेवत नाही! एखाद्या रेकॉर्डमधली सगळी फील्ड्स पुसून टाकावीत आणि फक्त नाव उरावं, तसं होतं. शेवटी बोलायला कोणी शिल्लकच नसतं, म्हणून लेखक विषय बंद करतो.

पहिल्यांदा वाचली तेव्हा मी खो खो हसलो. मग खालची तारीख पाहिली. 1937, लेनिनग्राड.

स्टालिनच्या दमनसत्राचा तो कळस होता. माणसं रात्रीतून उचलली जायची. कालपर्यंत शेजारी राहणाऱ्याचं नावही आज कोणी काढायचं नाही. आता ती गोष्ट पुन्हा आठवून बघा. हसू तसंच येतं, पण घशात अडकतं.

हिचा लेखक दानिल खार्म्स. जन्म 1905, सेंट पीटर्सबर्ग. खरं आडनाव युवाच्योव, ‘खार्म्स’ हे त्यानं स्वतः घेतलेलं. 1920च्या दशकाच्या शेवटी त्यानं अलेक्सांदर व्वेदेन्स्की, निकोलाय झाबोलोत्स्की वगैरे मित्रांबरोबर ‘ओबेरिऊ’ नावाचा गट काढला. जानेवारी 1928मध्ये त्यांनी एक मोठा कार्यक्रम केला. त्यात खार्म्सनं चक्क एका कपाटावर बसून कविता वाचल्या. आता गंमत ऐका. या मंडळींनी गटाला नाव काय दिलं होतं? त्या लांबलचक रशियन नावाचा अर्थ साधारण असा : ‘वास्तव कलेचा संघ’.

वास्तव! कपाटावर बसून!

मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे. आपण विचित्र लिहितोय असं त्यांना वाटतच नव्हतं. रोजच्या सवयीमुळे वस्तूंवर जी पुटं चढतात, ती खरवडली की वस्तू जशी दिसते, तशी ती मांडायची, हा त्यांचा दावा होता. लाल केसांच्या माणसाच्या हस्तलिखितात खार्म्सनं समासात ‘कांटच्या विरोधात’ असं लिहून ठेवलंय. म्हणजे ही गोष्ट सरकारवरची लपवाछपवीची टीका आहे, असं सरळ म्हणता येत नाही. एखाद्या गोष्टीचे सगळे गुण काढून घेतले तर मागे काय उरतं, असा तत्त्वज्ञानातला प्रश्न तो विचारत होता. पण त्या वर्षी त्या शहरात हाच प्रश्न रस्त्यावर आला होता.

मोठ्यांसाठीचं त्याचं लिखाण जवळपास काहीच छापलं गेलं नाही. पोट चालायचं ते मुलांच्या मासिकांवर. बडबडगीतात काहीही चालतं ना! पण तेही पुरतं खरं नव्हतं. डिसेंबर 1931मध्ये त्याला आणि व्वेदेन्स्कीला अटक झाली, पुढे कुर्स्कला हद्दपारी झाली. 1937मध्ये मुलांच्या मासिकात त्याची एक कविता आली. एक माणूस घरातून निघतो, चालत चालत जंगलात शिरतो आणि दिसेनासा होतो, एवढीच. त्यानंतर बरेच महिने त्याचं काही छापलं गेलं नाही. घरात खायचे वांधे झाले.

ऑगस्ट 1941मध्ये त्याला पुन्हा अटक झाली. त्यानं वेड लागल्याचं सोंग घेतलं. थोड्याच दिवसांत जर्मन सैन्यानं शहराला वेढा घातला. 2 फेब्रुवारी 1942 रोजी, त्या भीषण उपासमारीच्या हिवाळ्यात, तो तुरुंगातल्या मनोरुग्ण विभागात गेला. वय 36.

आणि इथे येते सुटकेस. बॉम्बहल्ल्यात त्याच्या इमारतीचं नुकसान झालं होतं. याकोव द्रुस्किन नावाचा त्याचा तत्त्वज्ञ मित्र स्वतः भुकेनं अर्धमेला झालेला. तरी तो त्या घरी गेला. खार्म्सची बायको मारिना आणि त्यानं मिळून सगळे कागद सुटकेसमध्ये भरले आणि मुलांच्या बर्फगाडीवरून ओढत नेले. अंगात त्राण नसताना माणूस काय ओढून नेतो? भाकरी, सरपण. यानं नेल्या न छापलेल्या ‘अर्थहीन’ गोष्टी, आणि पुढे कित्येक वर्षं त्या सांभाळल्या. 1988मध्ये त्यांचं जाडजूड पुस्तक लेनिनग्राडमध्येच निघालं. ते बघायला द्रुस्किन नव्हता. तो 1980मध्ये गेला होता.

आता आपल्याकडे येऊ. आपण काही विचित्र लिहिलं की लगेच घाबरतो. शेवटी ‘आणि त्याला जाग आली’ असं टाकतो, नाहीतर प्रतीकाचा अर्थ समजावून सांगतो. खार्म्स यातलं काही करत नाही. म्हाताऱ्या खिडकीतून एकामागून एक पडतात, तर पडतात. तो वाण्याच्या यादीसारख्या साध्या वाक्यांत ते सांगतो आणि पुढे निघून जातो. भाषा जितकी सपाट, तितकी घटना अंगावर येते.

तेव्हा डिलीट दाबायच्या आधी एक रात्र थांबा. सकाळी वाचून बघा. ते नुसतं चमत्कारिक वाटलं, तर खुशाल उडवा. पण वाचताना ‘अरे, हे तर असंच असतं’ असं वाटलं, तर राहू द्या.

भेटू पुढच्या भागात.