बहुमताचे राज्य आणि अल्पसंख्य भागधारक

कंपनीत मत माणशी नसते, भागांच्या प्रमाणात असते. ५१ टक्के भाग ज्याच्या हाती, सामान्यतः त्याचेच संचालक मंडळ. मग उरलेल्या ४९ टक्क्यांनी काय करावे? खाजगी कंपनीत तर भाग विकून बाहेर पडणेही सोपे नसते. या प्रश्नाचे उत्तर कायद्याने कसे शोधले, ते आपण पाहू.

आरंभ इंग्लंडमध्ये, १८४३ साली, ‘फॉस विरुद्ध हार्बॉटल’ या खटल्यात होतो. संचालकांनी आपल्याच जमिनी चढ्या भावाने कंपनीला विकल्या, अशी दोन भागधारकांची तक्रार होती. न्यायालयाने दावा ऐकला नाही. नुकसान कंपनीचे, म्हणून दावाही कंपनीनेच करावा, हे त्यामागचे तत्त्व. पण कंपनीचा निर्णय घेणार कोण? बहुमतच! फसवणुकीसारखे काही अपवाद न्यायालयांनी मानले, तरी वाट अरुंदच राहिली.

दुसरा उपाय होता ‘न्याय्य आणि समन्यायी’ कारणावरून कंपनीचे समापन मागण्याचा. भारताच्या १९१३ च्या कायद्यातही तो होता. परंतु चालती कंपनी मोडली, तर तक्रारदाराचे भांडवलही मातीमोल होण्याची भीती. म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम.

म्हणून इंग्लंडने १९४८ च्या कायद्यात कलम २१० आणले. कंपनी न मोडता तिचा कारभार सुधारण्याचे आदेश आता न्यायालय देऊ शकत होते. भारताने १९५१ मध्ये कलम १५३-क द्वारे तोच मार्ग धरला. पुढे १९५६ च्या कायद्यात दडपशाहीसाठी कलम ३९७ आणि गैरव्यवस्थापनासाठी कलम ३९८ आले.

या कलमांची मर्यादा ‘शांतिप्रसाद जैन विरुद्ध कलिंग ट्यूब्ज’ (१९६५) या निकालातून कळते. नवे भाग बाहेरच्यांना दिल्याने जैन गटाचा वाटा घटला. तरीही सर्वोच्च न्यायालयाने दडपशाही मानली नाही. भागधारकांतील खाजगी करार अंतर्नियमावलीत नव्हता, त्यामुळे तो कंपनीवर बंधनकारक ठरला नाही. ‘नीडल इंडस्ट्रीज’ (१९८१) खटल्यात न्यायालयाने दडपशाही सिद्ध झालेली नसतानाही भरपाईचा आदेश दिला.

आज २०१३ च्या कायद्यातील कलम २४१ व २४२ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. भागभांडवल असलेल्या कंपनीत त्यासाठी १०० सदस्य किंवा एकूण सदस्यांचा दहावा हिस्सा, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, अथवा दहा टक्के भागभांडवल लागते. ही अट न्यायाधिकरण शिथिल करू शकते. भाग योग्य किमतीला विकत घेण्याचा आदेशही मिळू शकतो.

टाटा–मिस्त्री प्रकरणात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदावरून दूर करणे म्हणजे दडपशाही, असे मानले नाही. म्हणून हे लक्षात ठेवा: मतदानात हरणे ही दडपशाही नव्हे. बहुमताने आपली सत्ता अन्यायाने वापरली, हे दाखवावे लागते; आणि ते दाखवण्याचा भार नेहमी दुबळ्या बाजूवरच असतो.